बाळाचं नाव अहिल्या ठेवायचं मनात आहे. अर्थ, इतिहास, आणि आजकाल हे नाव कितपत ठेवतात?

आत्याबाई_ठाणे

नमस्कार मंडळी. माझ्या भावाला मुलगी झाली आहे. बारसं पुढच्या रविवारी, वसंत विहारला, सोसायटीच्या हॉलमध्ये. आत्या मी, त्यामुळे कानात नाव मीच सांगणार. वहिनीच्या मनात पहिल्यापासून एकच नाव आहे, अहिल्या. दादाला आवडलंय, आईबाबांनाही आवडलंय.

अडलंय ते माईपाशी. माई म्हणजे बाबांची मोठी बहीण, वय ८१. नाव ऐकल्या ऐकल्या म्हणाली, "शिळा होऊन पडली त्या बाईचं नाव? लक्ष्मी आलीय घरात आणि तुम्ही तिला शापाचं नाव ठेवताय?" माईचा बाळावर फार जीव आहे, रोज दुपारी तीच मांडीवर घेऊन बसते. तिला दुखवून नाव ठेवावं असं वहिनीलाही वाटत नाही.

तर विचारायचं असं, की अहिल्या या शब्दाचा नेमका अर्थ काय? शिळेची गोष्ट मूळ रामायणात कशी आहे? आणि तिसरं, हे नाव आज शाळेत फार जुनाट वाटेल का? दादाला त्याचीच जास्त काळजी आहे.

घोडबंदरची_गौरी

अभिनंदन आत्याबाई! बिनधास्त ठेवा. आमच्या संकुलात दोन अहिल्या आहेत, दोघी अजून बालवाडीत. खाली बागेत कुणी हाक मारली की दोघी पळत येतात. जुनाट बिनाट काही वाटत नाही.

पंचांगवाले_काका

अ हे अक्षर कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं, मेष रास. बाळाचं नक्षत्र वेगळं असेल तर जन्मनाव त्या अक्षरावरून पत्रिकेत लिहून घ्या आणि व्यवहारातलं नाव आवडीचं ठेवा. पूर्वापार असंच करतात, त्यात दोष नाही.

ऋजुगंध

ऐरोलीत राहते, शाळेत संस्कृत शिकवत होते, आता निवृत्त. तुमचा दुसरा प्रश्न मला फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माईंना वाचून दाखवलंत तर मला आनंद होईल.

वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होत नाही. गौतम तिला शाप देतात तो असा: तू इथेच राहशील, वाऱ्यावर जगशील, अन्न घेणार नाहीस, राखेत पडून तप करशील आणि कुणाच्याही दृष्टीस पडणार नाहीस. राम या आश्रमात येईल तेव्हा तुझं रूप तुला परत मिळेल. म्हणजे ती दगड नाही, अदृश्य आहे, आणि तप करते आहे. विश्वामित्र राम-लक्ष्मणांना मिथिलेला नेत असताना वाटेत हा ओस आश्रम लागतो. आत शिरल्यावर रामाला ती तेजाने झळकताना दिसते. पुढे काय होतं ते नीट ऐका. रामाचे पाय तिला लागत नाहीत. राम आणि लक्ष्मण वाकून तिचे पाय धरतात. मग ती त्या दोघांचा पाहुणचार करते.

शिळेची कथा नंतरची आहे, पण तीही जुनीच. कालिदासाने रघुवंशाच्या अकराव्या सर्गात गौतमाची पत्नी शिलामयी असल्याचं आणि रामाच्या चरणधुळीने तिला रूप परत मिळाल्याचं सांगितलं आहे. पुढच्या रामायणांतून, कीर्तनांतून हीच कथा घरोघरी गेली. त्यामुळे माई म्हणतात ते खोटं नाही. फक्त ते सगळ्यात जुनं नाही.

आता अर्थ. उत्तरकांडात ब्रह्मदेव स्वतः फोड करून सांगतात: हल म्हणजे वैरूप्य, त्यापासून होतं ते हल्य, आणि जिच्यात हल्य नाही ती अहल्या. सगळ्या प्रजेतलं जे जे सुंदर ते निवडून तिला घडवली, म्हणून हे नाव. दुसरी फोड नांगराची. हल म्हणजे नांगर, तेव्हा अहल्या म्हणजे नांगर न लागलेली भूमी. तिसरा अर्थ कुमारिल भट्टांनी लावला. अहन् म्हणजे दिवस, त्यात जी लीन होते ती रात्र, म्हणून अहल्या म्हणजे रात्र आणि इंद्र म्हणजे सूर्य. सूर्य आला की रात्र विरते, एवढाच त्या कथेचा गाभा असं त्यांचं म्हणणं.

तीनही अर्थांत अशुभ काही नाही. आणि पंचकन्यांच्या श्लोकात पहिलं नाव तिचंच आहे. "अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा". काही पाठांत सीतेच्या जागी कुंती येते, पण पहिली अहल्या ती अहल्याच. सकाळी उठून ज्या पाचजणींचं स्मरण करायचं, त्यांच्यातली पहिली.

आत्याबाई_ठाणे

ऋजुगंध ताई, किती आभार मानू! रामाने पाय धरले हे मला माहीतच नव्हतं. आज संध्याकाळी माईला वाचून दाखवते.

खाडीकिनारा

ताईंनी छान लिहिलंय, पण एक भाग राहिला. बालकांडात अहल्या इंद्राला ओळखते. मुनीच्या वेषात आलेला हा सहस्राक्ष आहे हे तिला कळतं, आणि तरीही ती होकार देते. उत्तरकांडात मात्र ती फसवली गेली असं येतं. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत. घरात नाव ठेवायचं तर गोष्ट पूर्ण माहीत असलेली बरी. उद्या मुलगी मोठी झाल्यावर स्वतः वाचेलच.

घोडबंदरची_गौरी

बारशाच्या धाग्यावर हे कशाला काढायचं?

खाडीकिनारा

काढायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. आपण लपवतो म्हणूनच हे नाव शापाचं वाटत राहतं. तिने ओळखलं असेल किंवा नसेल, शिक्षा तिला झाली, ती तिने भोगली, आणि शेवटी खुद्द रामाने तिच्यापुढे डोकं टेकवलं. मला मुलगी झाली असती तर मी तिला ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली असती.

ऋजुगंध

खाडीकिनारा, तुमचं बरोबर आहे, दोन्ही पाठ आहेत. त्याला जोडून बालकांडातलाच एक प्रसंग सांगते, तो मी शिकवताना दर वेळी वर्गात सांगायचे. शतानंद हा अहल्येचा मुलगा, जनकाचा पुरोहित. विश्वामित्र मिथिलेत पोचल्यावर तो त्यांना आधी काय विचारतो? माझ्या आईला तुम्ही रामाची भेट घडवलीत का? तिने रामाची पूजा केली का? ती आता माझ्या वडिलांबरोबर आहे ना? आईबद्दल बोलताना तो शब्द वापरतो यशस्विनी. मुलगा आईला यशस्विनी म्हणतो, तिथे आपण तिच्या नावाला अशुभ कोण म्हणणार?

चरईकर

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या आईचं माहेरचं नाव अहिल्या. लग्न होऊन चरईत आली. त्या काळी सासरी नाव बदलायचेच, पण माझ्या आजीने ते आवडीसाठी बदललं नाही. "दगडाचं नाव आमच्या घरात नको" म्हणून बदललं. ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीने सुमती लिहिलं, आणि अहिल्या संपली. आई सांगायची की तांदळावरची ती अक्षरं तिला उलटी दिसत होती, कारण ताट वडिलांच्या बाजूला होतं. आपलं नवं नाव तिने आधी उलटं वाचलं.

शाळेच्या दाखल्यावर मात्र अहिल्याच राहिलं. पुढे कागदोपत्री कितीदा अडलं म्हणून सांगू. रेशनकार्डावर सुमती, दाखल्यावर अहिल्या, बँकेत आणखी तिसरंच काहीतरी. प्रतिज्ञापत्रं करून करून वडील थकले. तिला अहिल्या म्हणून हाक मारणारा शेवटी एकच माणूस उरला, माझा मामा. तोही गेला.

आत्याबाई, माईंचा विरोध मायेपोटी आहे हे मला कळतं, माझ्या आजीचाही तसाच असेल. पण त्या मायेने एका मुलीचं नाव गेलं. तुमच्या घरात ते पुन्हा हाकेला येणार असेल तर मला किती बरं वाटेल ते लिहिता येत नाही.

घोडबंदरची_गौरी

चरईकर काका, डोळ्यांत पाणी आलं.

माणदेशी_कळवा

राम राम. मूळ म्हसवडचा, आता कळव्यात. धनगर समाजातला आहे. वरची चर्चा चांगली चाललीय, पण सगळे रामायणातच अडकलेत. आमच्याकडे अहिल्या म्हटल्यावर गौतम ऋषी कुणाच्या डोक्यात येत नाहीत. आमच्याकडे अहिल्या म्हणजे देवी अहिल्याबाई होळकर, बाकी काही नाही. घराच्या भिंतीवर त्यांची तसबीर असते, पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात शिवलिंग. आमची आई रोज घरच्या देवांबरोबर त्या तसबिरीलाही कुंकू लावते.

जन्म ३१ मे १७२५, चौंडीचा, आताचा जामखेड तालुका. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हाररावांनी सून करून नेलं. गंमत बघा, सासूबाईंचं नाव गौतमाबाई. एका घरात गौतमाबाई आणि अहिल्याबाई. १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या, मल्हाररावांनी अडवलं आणि दौलतीचा कारभार शिकवला. १७६६ ला मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. नवरा, सासरा, मुलगा सगळे गेल्यावर त्या बाईने महेश्वरला बसून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत राज्य चालवलं. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० ला त्यांनीच उभं केलं, सोमनाथला नवं देऊळ बांधलं, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. घाट, विहिरी, धर्मशाळा किती केल्या त्याला मोजदाद नाही. महेश्वरची साडी आज तुम्ही रामनवमीला नेसता ना, ते विणकरही त्यांनीच आणून वसवले.

आता हे नाव जुनाट वाटेल का असं विचारलंय म्हणून एक सांगतो. आमच्यात ते कधी गेलंच नव्हतं. माझी चुलती अहिल्या, मामेबहीण अहिल्या, गावात विचारू नका. मामेबहीण नर्सिंग शिकायला ठाण्यात आली तेव्हा वसतिगृहातल्या पोरी तिला आजीबाई म्हणून चिडवायच्या, नाव जुनं म्हणून. तिला वाईट वाटायचं, पण नाव बदललं नाही. आज ती परिचारिका आहे, बिल्ल्यावर पूर्ण नाव लावते. आता तेच नाव मोठ्या सोसायट्यांमध्ये ठेवतात, आनंदच आहे. फक्त मधली सगळी वर्षं ते कुणी जपून ठेवलं तेवढं ध्यानात असू द्या.

ऋजुगंध

माणदेशी दादा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. खरंच ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

फळा_आणि_खडू

नेरुळला प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये हजेरीपट पहिल्यांदा हातात येतो तेव्हा मी नावं सावकाश वाचते, मला त्याचा छंदच आहे. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

आमच्या आईच्या पिढीत सुलभा, शालिनी, कुमुद. माझ्या वर्गात मनीषा, वैशाली, संगीता, सुनीता, एकेका नावाच्या तीन तीन, मग आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाक मारायची. मी नोकरीला लागले तेव्हा पूजा, प्रियांका, स्नेहल. मग सानिका, तन्वी, श्रावणी आल्या. मधे एक लाट अशी आली की छोटं, कुठल्याही प्रांतात चालेल असं नाव हवं, कियारा, मायरा, अनाया. आणि आता त्याच यादीत रमा, मुक्ता, जिजा, इरा, अहिल्या दिसायला लागल्यात. आजीचं नाव कुणी ठेवत नाही. पणजीचं ठेवतात. आजी डोळ्यांसमोर असते, तिचं नाव म्हातारं वाटतं. पणजी फोटोत असते, तिचं नाव पुन्हा कोवळं होतं. अर्थात माणदेशी दादांनी सांगितलं तसं, हे शहरी मध्यमवर्गाचं झालं. शाळेत घणसोली-तुर्भ्याकडून येणाऱ्या, मूळ सोलापूर-साताऱ्याच्या मुलींमध्ये अहिल्या मला पूर्वीही भेटलेली आहे.

अहिल्या अलीकडे जास्त कानावर पडते त्याला ताजी कारणंही आहेत. २०२१ मध्ये अहिल्याबाईंवरची हिंदी मालिका सुरू झाली, घराघरांत पाहिली गेली. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, २०२५ मध्ये जन्माची ३०० वर्षं साजरी झाली. जे नाव रोज बातम्यांत येतं ते बारशाच्या पाळण्यापर्यंत पोचतंच.

दादाला सांगा, वर्गात हे नाव अजिबात जुनाट वाटत नाही. मुलं नावाला नाही, टोपणनावाला चिडवतात. घरी अहू, हिल्लू असलं काही चालू करू नका, एवढंच.

चरईकर

नाव बातम्यांत आलं की लोक लगेच विचारतात, अमुक पक्षाचे का तुम्ही? तुम्हाला कुणी तसं विचारलं तर अहिल्या रांगणेकरांचं नाव सांगा. १९२२ चा जन्म, बी. टी. रणदिव्यांच्या बहीण, कम्युनिस्ट नेत्या, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होत्या, १९७७ ला मुंबईतून लोकसभेवर गेल्या. महागाईविरोधात मृणाल गोऱ्यांबरोबर लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरवल्या त्या याच. आई त्यांचा फोटो पेपरात आला की थांबून बघायची. आपल्या नावाची बाई म्हणून. नाव कुठल्या एका झेंड्याचं नाही.

आत्याबाई_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री माईपुढे फोन घेऊन बसले आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. शतानंदाचं दोनदा वाचायला लावलं तिने. खाडीकिनारा यांचा प्रतिसाद गाळावा की काय असं वाटलं होतं, पण तोही वाचला. माई म्हणाली, "ते आम्हाला ठाऊक आहे गं, बायकाबायकांत बोलायचो आम्ही." मग चरईकर काकांचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचंही नाव सासरी बदललेलं आहे. आम्ही तिला लहानपणापासून माईच म्हणतो, त्यामुळे आमच्यातल्या कुणी तिला मूळ नाव कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं. मथुरा.

तिचा निर्णय असा, की नाव अहिल्या ठेवा, पाळण्यात मात्र होळकरांच्या अहिल्येचं म्हणून ठेवा, गौतमाच्या नको. आणि ती स्वतः बाळाला चिमाच म्हणणार, त्यात कुणी बोलायचं नाही. वहिनीने लगेच मान्य केलं. पाळण्याच्या गाण्यात चौंडी आणि महेश्वर घालायचं आईच्या मनात आहे, ती कालपासून वहीत जुळवाजुळव करतेय.

आता एकच राहिलं. दाखल्यासाठी लिहायचं कसं, अहल्या की अहिल्या? इंग्रजीत काय?

ऋजुगंध

संस्कृतात अहल्या. मराठीत बोलताना ह नंतरचा 'अ' हा 'इ'कडे झुकला आणि अहिल्या रूढ झालं. जुन्या मराठी पुस्तकांत अहल्याबाई असंही छापलेलं आढळतं. होळकरांची म्हणून ठेवताय तर अहिल्याच लिहा, लोकांच्या तोंडी तेच आहे. मथुराबाईंना माझा नमस्कार सांगा.

माणदेशी_कळवा

अहिल्याच. मथुराक्कांना आमच्याकडूनही रामराम. ३१ मेला कळव्यात जयंती करतो आम्ही, बाळाला घेऊन सगळे या.

दस्तऐवज

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात आयुष्य गेलं, आता नवी मुंबईत निवृत्त आहे, म्हणून लिहितो. इंग्रजीत ए-एच-आय-एल-वाय-ए एवढं साधं ठेवा. शेवटी जादा ए किंवा मधे दोन एल घालू नका. अंकशास्त्रासाठी लोक घालतात आणि पुढे आधार, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र तीन ठिकाणी तीन तऱ्हा होतात. चरईकरांनी लिहिलंय तोच त्रास होतो.

रुग्णालयातून जन्माची माहिती गेली असेल आणि नावाची जागा रिकामी असेल तर घाबरू नका. नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण बारसं झाल्यावर त्याच आठवड्यात घाला, कारण एकदा नाव चढलं की बदलणं अवघड असतं, नुसती दुरुस्ती म्हणून ते होत नाही.

आणखी एक. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी राज्यात नाव लिहायचा क्रम बदलला आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा अहिल्या, त्यापुढे वहिनींचं नाव, मग दादांचं. वहिनींचं नाव त्यांच्या आधारवर जसं आहे तसंच लिहा, माहेरचं-सासरचं मिसळू नका. अर्ज मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मोठ्या अक्षरांत भरा, आणि दाखला हातात पडला की खिडकीसमोरून हलण्याआधी दोन्ही भाषांतली चारही नावं एकेक अक्षर वाचून घ्या. तिथल्या तिथे चूक दाखवली तर लगेच नवा छापून देतात.